बर्फावरचा समकालीन नाच: पायाला जमीनच मिळत नाही, मग लय धरायची कुठे?

ठायलय

नमस्कार मंडळी. नृत्याच्या विभागात बर्फाचा विषय आधी निघालेला दिसला नाही. तरी विचारते, कारण इथे कॅनडा-युरोपात राहणारे बरेच जण आहेत आणि नाच मनापासून पाहणारेही.

मी लहानपणापासून पुण्यात कथक शिकले. पुढे समकालीन नृत्याच्या कार्यशाळा केल्या, थोडं कामही केलं. आता माँट्रियालला असते. इथल्या 'ल पातँ लिब्र' या कंपनीचा 'व्हर्टिकल इन्फ्लुअन्सेस' हा प्रयोग पाहिला आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाहीये.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. स्केट्स घातलेले पाच जण असतात, चार पुरुष आणि एक बाई. चमकीचे कपडे नाहीत, प्रेक्षकांकडे बघून हसणं नाही, अंगावर रोजचे वाटावेत असे साधे कपडे. संगीत त्यांच्यातल्याच जास्मँ ब्वाव्हँ यांनी केलेलं आहे. पूर्वार्ध आपण नेहमीसारखा गॅलरीतून पाहतो. उत्तरार्धाला मात्र प्रेक्षकांना खाली उतरवून थेट बर्फावर, रिंकच्या एका टोकाला बसवतात. मग ते पाच जण पलीकडच्या अंधुक टोकाकडून सरळ आपल्या अंगावर येतात आणि अगदी जवळ येऊन वळतात. आधी आवाज येतो, मग माणूस, मग तोंडावर गार वारा.

मला हे फार आवडलं, पण का आवडलं ते मांडता येत नाहीये. माझं सगळं शिक्षण तळव्यात आहे. तत्कार म्हणजे तळवा जमिनीवर मारायचा आणि जमिनीने तो आवाज परत द्यायचा. समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, आलं की पाय ठाम. बर्फावर यातलं काहीच नाही. पाय बुटात बंद, घोटा जखडलेला, खाली पातं. मग हे लोक लय कशाने धरतात? पाहताना नजर कुठे ठेवायची? यात नाच कुठला आणि नुसतं चांगलं स्केटिंग कुठलं? आणि शेवटचं, जरा संकोचाने विचारते: पस्तिशी ओलांडलेल्या माणसाने हे शिकायला सुरुवात केली, तर स्वतःचं काही रचण्याइतकं ते अंगात येऊ शकतं का?

---

नागपूरचं_ऊन

नाचातलं मला कळत नाही, पण भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून पायाखालच्या गोष्टीबद्दल थोडं लिहितो.

पात्याच्या दाबाने बर्फ वितळतो आणि त्या पाण्यावरून माणूस सरकतो, असं आपण शाळेत शिकलो. दाबाने बर्फाचा वितळणबिंदू खाली येतो हे खरं आहे, पण माणसाच्या वजनाने तो थोडक्याच अंशांनी उतरतो. कडाक्याच्या थंडीतही लोक आरामात स्केटिंग करतात, ते एवढ्याने समजावता येत नाही. मायकेल फॅरडे यांनी १८५० सालीच सुचवलं होतं की बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच पाण्यासारखा अतिशय पातळ थर असतो. वरच्या थरातले रेणू आतल्यांसारखे घट्ट बांधलेले नसतात. त्यात पातं घासून निर्माण होणारी उष्णता भर घालते. घर्षण सगळ्यात कमी भरतं ते साधारण उणे ७ अंशांच्या आसपास. फिगर स्केटिंगची रिंक मात्र त्याहून थोडी ऊबदार ठेवतात, उणे ३-४ अंश, म्हणजे बर्फ जरा मऊ राहतो, पात्याला पकड मिळते आणि उडी उतरताना तो फुटत नाही. हॉकीवाल्यांना जास्त थंड आणि कडक बर्फ लागतो.

तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध असा: रंगमंचावर नर्तकाला प्रत्येक हातभर अंतरासाठी नव्याने स्नायू वापरावे लागतात. बर्फावर एका चांगल्या रेट्याने ६० मीटरची रिंक ओलांडता येते. वेग एकदा मिळवला की तो बराच काळ खर्च करता येतो.

---

कडेकडेने

ठायलय, मी तुझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठी असेन, तेव्हा अगंतुगंच करते. मूळची नाशिकची, संसार सगळा क्वेबेकात झाला. चाळिशीच्या तोंडावर मुलीला रिंकवर सोडायला जायचे, बाकावर बसून गारठायचे, म्हणून स्वतःच बूट चढवले. आता आमच्या नगरपालिकेच्या रिंकवर मोठ्या माणसांना पात्याच्या कडांवर सरकायला शिकवते. तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळालं असेल. उरलेलं लांबणार आहे, चहा घेऊन बस.

वरती नागपूरकरांनी जे लिहिलंय ना, वेग मिळवणं एकदा आणि तो खर्च करणं नंतर, तीच या नाचाची माती आहे. जमिनीवर हलणं आणि पुढे जाणं एकच असतं. पुढे जायचं तर पाऊल टाकावं लागतं आणि पाऊल टाकलं की ते दिसतं. बर्फावर या दोन गोष्टी सुटतात. शरीर अगदी निश्चल ठेवून तू चाळीस मीटर जाऊ शकतेस. उलट, जागेवरून न हलता सगळं अंग घुसळू शकतेस. पूर्वार्धात ते एकेकटे तुमच्यासमोरून नुसते उभे राहून जातात, ते आठव. हात खाली, मान किंचित वळलेली, आणि माणूस चाललाय. तो काहीच करत नाही असं वाटतं, तरी त्याच्यावरून नजर हटत नाही. कारण करण्याचा क्षण मागे होऊन गेलाय, आपण पाहतोय तो त्याचा परिणाम. असा उभा माणूस रंगमंचावर दाखवायचा तर सरकता फलाट लागेल. बर्फावर त्यासाठी एक गुडघा आणि एक कड पुरते.

म्हणून तुझ्या 'नाच कुठला आणि स्केटिंग कुठलं' या प्रश्नाला माझ्यापुरतं उत्तर हे आहे: जी रचना या सरकण्यातूनच सुचलेली आहे तो बर्फावरचा नाच. जी रचना जमिनीवर आधी तयार झाली आणि मग बुटांवर चढवली, ती कितीही देखणी असो, मला पाहुणी वाटते.

आलेक्सांद्र आमेल यांनी ही कंपनी २००५ साली माँट्रियालमध्ये सुरू केली. ते स्वतः स्पर्धेतले फिगर स्केटर होते आणि बरोबरचे पास्काल जोद्वँ, टेलर डिली, सामोरी बा, ब्वाव्हँ हे सगळे या खेळाच्या शिस्तीतूनच घडलेले. ते कशातून बाहेर पडले ते कळलं की ते काय करतात ते नीट दिसतं. स्पर्धेत २००४ पासून गुणांची नवी पद्धत आली. प्रत्येक उडीला, प्रत्येक गिरकीला, पायांच्या प्रत्येक मालिकेला ठरलेले गुण. चार मिनिटांच्या कार्यक्रमात एकेक सेकंद कशाने ना कशाने भरलेला असतो. दहा सेकंद नुसतं सरकत राहणं कुठल्याच खेळाडूला परवडत नाही. आणि स्पर्धा संपली की पुढचा मार्ग बहुतेकांना बर्फावरच्या करमणुकीच्या कार्यक्रमांकडे नेतो, तिथे चमकी आणि कार्टूनमधले मुखवटे. या पाच जणांनी ती दहा सेकंद परत घेतली. मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर याच गोष्टीसाठी वाटतो.

आता नजर कुठे ठेवायची ते सांगते. पाय पाहू नकोस, रेघ पाहा. पातं जेमतेम चार मिलिमीटर रुंद असतं आणि त्याच्या तळाला लांबीभर एक पन्हळ असते. त्यामुळे त्याला दोन कडा होतात, आतली आणि बाहेरची. सपाट पात्यावर चांगला स्केटर क्वचितच असतो. तो कायम या नाहीतर त्या कडेवर कललेला. कललं की वाट वळते. जितका वेग आणि जितका कल, तितकी ती कमान खोल. समकालीन नृत्यात तू पडणं आणि सावरणं शिकली असशील, डोरिस हम्फ्री यांनी ज्यावर आपलं सगळं तंत्र उभं केलं ते. बर्फावरची प्रत्येक कड म्हणजे तेच आहे. तू आतल्या बाजूला पडत असतेस आणि वाटेचं वळण तुला पडू देत नाही. समोरून बघताना माणूस अशक्य कोनात कललेला दिसतो आणि तरी शांत असतो, ते याचमुळे.

आणि लय. तुझ्या तळव्यातली लय इथे गुडघ्यात येते. गुडघा वाकतो, कड रुतते, वेग तयार होतो. गुडघा उठतो, कड सुटते. बाहेरच्या कडेवरून आतल्या कडेवर जाताना मधे एक क्षण असा येतो की पातं कुठल्याच कडेवर नसतं, शरीर बरोबर पात्याच्या डोक्यावर असतं. तो क्षण कुठे ठेवायचा यावर सगळं अवलंबून आहे. माझ्या लेखी सम तिथे आहे. तुझ्या कानाला सुरुवातीला ती हुकल्यासारखी वाटेल, कारण तिला ठोका नाही. पण ती पाच जणांत एकत्र आली की अंगावर काटा येतो. आवर्तनं लांब असतात, विलंबिताची सवय असलेल्याला हे लवकर उमगतं असा माझा अनुभव आहे. आणि आवाज अगदीच नाही असं नाही. खोल कड कापत जाते तेव्हा लांबलेली खर्र येते, टो-पिक, म्हणजे पात्याच्या पुढच्या टोकाचे दाते, लागली की टक, अचानक थांबलं की बर्फाचा भुगा उडवत फर्रकन. संगीत थांबलं की या आवाजांवर कान ठेव.

वळणांची नावं पाठ करायची गरज नाही, पण एक ओळखायला शीक. एका पायावर पुढे जाताजाता त्याच पायावर उलटं होऊन मागे जायचं, याला थ्री टर्न म्हणतात, कारण मागे उरलेली रेघ आपल्या ३ सारखी दिसते. पूर्वी या रेघा हाच खेळाचा निम्मा भाग होता. तासन्‌तास त्याच वर्तुळावरून पुन्हापुन्हा जायचं आणि परीक्षक वाकून बर्फावरच्या खुणा तपासायचे. टीव्हीवर ते पाहायला कोणी तयार नव्हतं, १९९० च्या हंगामानंतर ते आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून गेलं. मला याची हळहळ वाटते. समकालीन काम करणारे स्केटर ज्या खोल कडांवर जगतात, त्या या कंटाळवाण्या वर्तुळांतूनच येत होत्या.

चक्कर, म्हणजे गिरक्या, तुला सुरुवातीला छळतील, हे आधीच सांगून ठेवते. कथकात तू नजर एका बिंदूवर रोखून मान झटकन फिरवतेस. बर्फावरची गिरकी सलग आणि फार वेगाची असते, तिथे नजर रोखता येत नाही. भोवळ सहन करायची कानाला हळूहळू सवय लावावी लागते. जुनी सवय मान सोडत नाही, आणि मान फिरली की अक्ष मोडतो.

---

जुना_बर्मिंगहॅमकर

कडेकडेनेताईंचं उत्तर सुंदर आहे, पण 'पाहुणी' या एका मुद्द्यावर मी वेगळं म्हणेन.

मी ज्या शहरात राहतो त्याच शहरात १९४९ साली जॉन करी जन्मले. त्यांना नाच शिकायचा होता. वडिलांना मुलाने बॅले करणं मान्य नव्हतं. स्केटिंग हा खेळ, म्हणून चाललं. हा मुलगा १९७६ साली युरोपियन, ऑलिंपिक आणि जागतिक, तिन्ही विजेतेपदं घेऊन उभा राहिला. इन्सब्रुकची ती सुवर्णपदकाची फेरी मी टीव्हीवर पाहिली होती. उड्या इतरांनीही मारल्या. यांच्या उडीनंतर हात जिथे थांबायचा तिथे तो थांबायला हवा असं आपल्यालाही वाटायचं, इतकी ती ओळ पुरी होती.

पदक मिळाल्यावर त्यांनी पैशाचे सोपे कार्यक्रम घेतले नाहीत, स्वतःची कंपनी उभी केली. आणि रचना करायला कोणाला बोलावलं पाहा: ट्वायला थार्प, केनेथ मॅकमिलन, पीटर मार्टिन्स, लार लुबोविच. सगळी नृत्याच्या जगातली माणसं. थार्प यांनी १९७६ मध्येच त्यांच्यासाठी अल्बिनोनीच्या संगीतावर 'आफ्टर ऑल' केलं. टाळ्या मिळवणाऱ्या युक्त्यांपेक्षा त्यात वाट आणि वळणच जास्त आहे, म्हणजे ताई म्हणतात तेच सरकणं. १९८४ साली ही कंपनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये नाचली. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्येच मॉइरा नॉर्थ यांनी 'आइस थिएटर ऑफ न्यूयॉर्क' सुरू केलं, बर्फावरचा नाच ही कला आहे असं मानून चालणारी संस्था. तेव्हा बॅलेकडून आलेले लोक बर्फावर पाहुणे राहिले नाहीत. त्यांतल्या काहींनी घर बांधलं, आणि माँट्रियालची ही मंडळी त्या घराच्या पुढच्या खोलीत आहेत असं मी म्हणेन. करी १९९४ मध्ये अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी एड्सने गेले. त्यांना हे पाहायला मिळायला हवं होतं.

दुसरं उदाहरण नॉटिंगहॅमच्या टॉर्व्हिल आणि डीन या आइस डान्सच्या जोडीचं, साराजेव्हो ऑलिंपिक, १४ फेब्रुवारी १९८४. राव्हेलच्या 'बोलेरो'ची त्यांची काटछाट केलेली ध्वनिफीत तरीही नियमापेक्षा अठरा-एक सेकंद लांब होती. घड्याळ सुरू व्हायचं ते पातं बर्फाला लागल्यावर. म्हणून ते दोघं सुरुवातीला गुडघ्यांवर बसून नुसते डोलतात, पाती बर्फाला लागू न देता. नियमाच्या फटीतून निघालेली ती सुरुवात आज त्या रचनेचा आत्मा वाटते. कलात्मकतेसाठी नऊच्या नऊ परीक्षकांनी ६.०, म्हणजे पैकीच्या पैकी दिले. स्पर्धेच्या चौकटीतही असा नाच झाला आहे, एवढंच मला म्हणायचं होतं.

---

कडेकडेने

काका, थार्प यांचं उदाहरण मान्य. त्या रचनेला मी पाहुणी म्हणणार नाही. करींच्या कंपनीत सगळ्यांनी मिळून कडांचा वर्ग रोज करायचा अशी शिस्त होती, बॅलेतल्या सकाळच्या वर्गासारखी, ती मी माझ्या छोट्या गटातही धरली आहे. पण बोलेरोबद्दल आपलं जमणार नाही. मला त्यातला गुडघ्यांवरचा भाग आवडतो आणि पुढचा फार गोड वाटतो.

---

माळरान_सोलापूर

नाचाच्या धाग्यावर पक्ष्यांचं लिहितोय, चालवून घ्या. याच कंपनीचं 'मर्म्युरेशन' नावाचं एक मोठ्या ताफ्याचं काम आहे, स्टार्लिंग पक्ष्यांच्या थव्यांवरून सुचलेलं. भाचीने त्याची चित्रफीत पाठवली आणि मी चमकलो, कारण आमच्याकडे हिवाळ्यात भोरड्या येतात, त्या याच कुळातल्या. ज्वारी हुरड्याला आली की संध्याकाळी मुक्कामाच्या झाडांवर उतरण्याआधी हजारोंचा थवा आभाळात वळत राहतो. गोळा होतो, ताणला जातो, मधेच दुमडतो.

रोममधल्या स्टार्लिंगच्या थव्यांची छायाचित्रं मोजून संशोधकांनी २००८ साली दाखवलं की प्रत्येक पक्षी आपल्या जवळच्या सहा-सात पक्ष्यांकडेच लक्ष ठेवतो, ते किती अंतरावर आहेत याला महत्त्व नाही. पुढारी कोणी नसतो. चित्रफितीत मला ते दिसलं. एकजण वळला की वळण शेजाऱ्यांतून पुढे जात होतं, सगळे एकदम वळत नव्हते. धावत येणाऱ्या माणसांना हे जमेल असं वाटत नाही. पावलं मधे येतील. त्यांना जमतंय ते सरकण्यामुळेच असावं, असा माझा अंदाज.

---

ठायलय

तुम्हा सगळ्यांचे आभार. मी हे काल रात्री वाचलं आणि आज परत वाचलं. 'करण्याचा क्षण मागे होऊन गेलाय' हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. कथकातल्या गतनिकासात आपण जी चाल दाखवतो, तिथेही वरचं अंग स्थिर आणि खाली बारीक पावलं पळत असतात, पाहणाऱ्याला फक्त वाहणं दिसावं म्हणून. म्हणजे जे आम्ही कष्टाने लपवतो ते बर्फावर लपवावंच लागत नाही. माझ्या गुरूंनी ज्या मुलींकडून चाल महिनोन्‌महिने घोटून घेतली, त्यांतली मी एक. आता मला ती बर्फावर नेऊन बघायचीच आहे.

उन्हाळ्यात दोन महिने पुण्यात असेन. तिथे काही करता येईल का?

---

आठ_चाकं_कोथरूड

येईल की! मी पुण्यात मुलांना आर्टिस्टिक रोलर स्केटिंग शिकवतो. ताई, बर्फाची वाट पाहत बसू नका. बर्फाची सोय आपल्याकडे दूर आहे: सिमल्याची रिंक १९२० पासूनची, पण उघड्यावरची आणि नैसर्गिक बर्फाची, म्हणजे थंडीतच. डेहराडूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलेली आतली मोठी रिंक आहे. मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्डमध्ये लहान रिंक होती, आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी बर्फावर पहिला पाय तिथे ठेवला.

चार चाकांच्या क्वाड स्केटवरही कडा असतात. बुटाखाली दोन आस, त्यांत रबरी गुट्टे. घोटा कलला की आस वळतात आणि वाट वाकते. थ्री टर्न, मोहॉक, ब्रॅकेट, सगळी वळणं त्याच नावांनी आमच्याकडे आहेत. आपल्या देशातून हैदराबादच्या अनुप कुमार यामांनी २०१० च्या ग्वांगझू आशियाई खेळांत यातच कांस्यपदकं आणली. गुडघ्यातली लय, कमरेचा कल, मागे जाताना खांद्यावरून बघणं, हे सगळं इथे शिकून जा, तिथे महिने वाचतील.

फरक दोन. चाकाला घर्षण जास्त, त्यामुळे ताई म्हणतात ते लांबलचक निश्चल सरकणं आमच्या सिमेंटवर तोकडं पडतं, चांगल्या लाकडी तळावर थोडं बरं. आणि चाक पात्यासारखं सहज आडवं घसरत नाही. बर्फावर पातं आडवं करून खरवडत थांबतात, ती सवय तिथेच लागेल. इनलाइनमध्ये खालची चौकट पात्यासारखी किंचित कमानदार असते आणि पुढे टो-स्टॉप, तो प्रकार मिळाला तर बर्फाच्या अधिक जवळचा. इथे असताना हेल्मेट, मनगटाचं आणि गुडघ्याचं पॅड घालूनच या, सिमेंट बर्फापेक्षा सोलतं जास्त.

---

कडेकडेने

कोथरूडचे सर म्हणतात ते अगदी योग्य. माझ्याकडे येणाऱ्यांत लहानपणी चाकांवर फिरलेली माणसं लगेच ओळखू येतात.

ठायलय, चालीचं तू लिहिलंस ते मला माहीत नव्हतं असं नाही, पण असं जोडून पाहिलं नव्हतं. तुझ्याकडे काय आहे आणि काय नाही, ते आता सांगते. वरचं अंग आहे, हातांना शेवट आहे, विलंबिताची सवय आहे. हे सगळं स्केटर मोठेपणी शिकायला जातात आणि त्यांना ते जड जातं. नाही ते एकच, कललेल्या अवस्थेवर विश्वास. तो शरीराला बसायला वेळ लागतो, वय कितीही असो. भरतनाट्यम केलेली एक मुलगी माझ्याकडे आहे, तिला स्प्रेड ईगल, म्हणजे दोन्ही पाय बाहेर फिरवून टाचेसमोर टाच ठेवत एकाच कमानीवर जाणं, इतरांपेक्षा फार लवकर जमलं. अरमंडीने, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसण्याने, उघडलेले कमरेचे सांधे तिथे कामाला आले. तुझ्याकडे ते तेवढे उघडे नसतील, तर त्यासाठी हट्ट धरू नकोस. तुझी ताकद सरळ उभ्या कण्यात आहे.

रिंकवर भाड्याने मिळणारे प्लॅस्टिकचे बूट पहिले एक-दोन दिवस ठीक, पुढे नकोत. त्यांत घोटा हलतो आणि पाती बोथट असतात, कड लागतच नाही. मग माणसाला वाटतं आपल्याला जमत नाही. स्वतःचे बूट घे, जुने घेतलेस तरी चालतील, पण टाच आत जराही उचलली जाता कामा नये आणि बोटं पुढे नुसती टेकली पाहिजेत. लोक मोठ्या मापाचे घेऊन जाड मोजे घालतात, ते सगळ्यात वाईट. नवी पाती दुकानातून येतात तेव्हा बहुतेकदा धार लावलेली नसतात. फिगर स्केटची धार जाणणाऱ्याकडेच टाक. हॉकीच्या सवयीने काहीजण पुढची खालची टो-पिक घासून टाकतात. काम झालं की पातं फडक्याने कोरडं कर आणि रबरी गार्ड घातल्याशिवाय सिमेंटवर एक पाऊल टाकू नकोस.

पहिलं काम पडणं शिकायचं, बाजूला, मांडीवर, हात आत घेऊन. मग दोन पायांवर सरकणं, एका पायावर सरकणं, मग बाहेरची कड. बाहेरच्या कडेलाच सगळे घाबरतात, कारण तिथे शरीर आधार नसलेल्या बाजूला जातं. तिथे घाई नको.

हे जमायला लागलं की एक गोष्ट कर, मला ती तुझ्याकडून पाहायची आहे. रिंकच्या लांब बाजूला एक रेटा दे आणि थाट धर, कथकातली ती स्थिर उभी मुद्रा. मनात विलंबित त्रिताल चालू ठेव. पापणी, मनगट, मान, तू जे थाटात करतेस तेवढंच कर. वेग संपेपर्यंत पाय हलवायचा नाही. कितव्या मात्रेला थांबतेस ते मोज. मग रेटा असा द्यायला शीक की थांबशील ती समेवरच. यातून पुढे रचना निघेल की नाही ते मी सांगू शकत नाही, पण हा प्रश्न तुझ्याआधी माझ्या ओळखीत कोणी बर्फाला विचारलेला नाही.

जागेचं म्हणशील, तर जानेवारीत पार्क ला फोंतेनचं तळं गोठतं आणि मों-रोयाल टेकडीवर बीव्हर लेकशेजारी रिंक असते. दोन्हीकडे मजा येते, पण बाहेरचा बर्फ खडबडीत, त्यावर कडा शिकू नकोस. नगरपालिकेच्या आतल्या रिंकवर आठवड्याच्या दिवशी सकाळच्या वेळा बघ, हॉकीची पोरं शाळेत असतात तेव्हा. झँबोनी, म्हणजे बर्फ गुळगुळीत करणारी गाडी, फिरून गेल्यावर दहा मिनिटं थांब, पाणी पूर्ण बसू दे, मग उतर. बूट विकत घेण्याआधी मला खाजगी निरोप पाठव, दुकानात मी बरोबर येईन. पातळ मोजे घालून ये.